एकशे एकविसावी ओळ

१

अहात्यात बिऱ्हाडं पाच आणि तोटी एक. भांडणाला याहून जास्त सामान लागत नाही.

जमिनीखालून येणाऱ्या जुन्या नहरीचं पाणी दुपारी अडीचच्या सुमाराला हौदाच्या दगडी तोटीतून यायचं, तेही उपकार केल्यासारखं. पहिलं भांडं नितळ भरे, तिसऱ्याला गढूळपणा येई, आणि पाचव्याच्या नशिबी गाळ. तोटीपासून फाटकापर्यंत एका ओळीत सहा फरशा होत्या. सकाळी जो आधी उठेल त्यानं तोटीजवळच्या फरशीवर आपलं भांडं ठेवायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागे. सहाव्या फरशीवर कोणी काही ठेवत नसे. ठेवणार तरी कोण? सहावी खोली गोवऱ्या आणि लाकडांनी भरलेली होती. कधीपासून, हे कोणी विचारलं नव्हतं.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन सातेक वर्षं झाली होती. रामकिसन मास्तर सरकारी शाळेत गणित शिकवायचा. माणूस हुशार, पण हुशारी डोक्यावर फेट्यासारखी बांधून फिरणारा. त्या वर्षी मात्र त्याची सगळी हुशारी एका घागरीत येऊन अडकली होती. आठ वर्षांची आवडी, त्याची एकुलती एक पोर, मुदतीच्या तापातून नुकतीच उठली होती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "पाणी नितळच पाहिजे, अन् उकळून. ताप उलटला तर पोरगी हाती लागणार नाही."

तेव्हापासून रामकिसन तांबडं फुटायच्या आत उठून आपली पितळी घागर पहिल्या फरशीवर ठेवी आणि मगच सकाळच्या शाळेला जाई.

माघातल्या एका दुपारी अडीचला तो बाहेर आला. घागर चौथ्या फरशीवर होती.

२

"माझी घागर कोणी सरकवली?"

तोटीखाली चतुराबाईचा तांब्याचा हंडा होता. चतुराबाई विधवा, पापड लाटून पोट भरणारी, जिभेनं लाटण्यापेक्षा कडक. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझा हंडा मी तिसरा ठेवला व्हता. आता पहिला दिसतुया. मी कशाला हलवू? लागला तो लागला."

हिमरूचं कापड विणणारा शौकत, त्याची बायको जोहरा, कोर्टातला चपराशी पुंजाराम, सगळे जमले. ज्याचं भांडं पुढे गेलं तो म्हणे, असू द्या. ज्याचं मागे आलं तो दुसऱ्याची आई-बहीण काढी. दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा बदलली, तिसऱ्या दिवशीही. बारा ते अडीच अहाता उन्हानं ओस पडे. बाया दारं लोटून आत, कुत्रंसुद्धा हौदाच्या सावलीत जीभ काढून निपचित. तेवढ्यात कोणीतरी भांडी फिरवत होतं.

"चोर हिशेबात सापडतो," रामकिसन सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानं चौकटींची वही काढली. आधीच्या तीन ओळी आठवून लिहिल्या; पुढे रोज अडीचला दिसेल ती ओळ त्यात मांडायची, फरशीला एक चौकट, भांड्याच्या मालकाचं पहिलं अक्षर. "पहिल्या जागी पाचातलं कुठलंही भांडं. ते बसलं की दुसऱ्या जागेला चार उरतात, मग तीन, मग दोन, मग एक. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक. पाचचं फॅक्टोरियल, एकशे वीस. याच्याबाहेर एक ओळ लावून दाखवा, मी मिशी उतरवतो."

"एकशे वीस दिस भांडायचं म्हणता व्हय?" चतुराबाई म्हणाली.

पाचवं बिऱ्हाड होतं वहाबसाहेबांचं. एकटा म्हातारा. रामकिसन ज्या खुर्चीवर बसून गणित शिकवायचा, तिच्यावर पूर्वी तेच बसत. शाळा उर्दूतून मराठीत आली आणि त्यांना घरी बसवलं गेलं. दोघांत कधी चार शब्द झाले नव्हते. रामकिसनला त्यांच्याकडे बघितलं की चोरी केल्यासारखं वाटे, आणि म्हणून त्यांचा राग येई.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर वहाबसाहेब आपला मातीचा माठ उचलता उचलता थांबले.

"पाचाची तरतीब, म्हणजे मांडणी, बरोबर सांगितली, मास्तर," ते हळूच म्हणाले. "पर खाली बी मोजा."

३

खाली. म्हणजे फरशीखाली.

रामकिसननं पाच आठवडे ते शब्द उडवून लावले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, म्हणाला. पण चाळीस दिवस झाले, चाळीस ओळी झाल्या, आणि एकही ओळ दुसऱ्यांदा आली नव्हती. माणूस घाईघाईत भांडी फिरवील तर कधीतरी तीच ओळ पुन्हा लागेलच. पत्ते पिसले तरी लागते. इथं कोणीतरी न चुकता, न विसरता, एकेक ओळ खर्ची टाकत होतं.

एका रविवारी त्यानं पहार आणली. पाची फरशा उचकटल्या. खाली गार माती, एक गोम, जुन्या खापरी नळाचा तुकडा. बाकी काही नाही. सारजा, त्याची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, लोक हसत्यात. बसवा त्या परत."

वहाबसाहेब दारातून बघत होते. ते हसले नाहीत. हसले असते तर रामकिसनला बरं वाटलं असतं.

मग त्यानं पहारा लावला. चतुराबाई पापड घेऊन दारात बसली. ती बघत असेपर्यंत ओळ जागच्या जागी. तव्यावरची भाकरी उलटायला ती आत गेली, परत आली, तर हंडा पाचवा.

"आवाज आला?"

"नाय. पर भरली घागर ठिवल्यावानी जमीन दबली बगा," चतुराबाई म्हणाली, आणि त्या दिवसानंतर दुपारी तिनं दार उघडलं नाही.

घरात आवडी खाटेवर पडून विचारी, "आबा, आज आपला नंबर कितवा?" पहिला असला की रामकिसन खरं सांगे. पाचवा असला की म्हणे दुसरा. फडक्याच्या चार घड्यांतून गाळूनही पेल्याच्या तळाशी माती बसायची. आवडी ती बोटानं ढवळून बघे आणि बापाकडे बघून पिऊन टाकी.

४

एकशे विसावी दुपार ज्येष्ठात आली. त्या दिवशीची ओळ मांडून रामकिसननं वही मिटली. एकशे वीस ओळी, सगळ्या वेगळ्या. प्रत्येक भांडं पहिल्या जागी बरोबर चोवीस वेळा आलेलं, ना एक कमी, ना एक जास्त. चोराला यातून फायदा काय? काहीच नाही. मग हा चोर नव्हे, हा खिजवणारा. आणि खिजवणाऱ्याला गणित येतं.

तो तरातरा वहाबसाहेबांच्या दारात गेला. मागून पुंजाराम, शौकत, चतुराबाई.

"या अहात्यात फॅक्टोरियल येणारी माणसं दोन," रामकिसन ओरडला. "एक मी. माझी पोरगी तिकडं गाळ पितीय. खुर्ची गेली त्याचा सूड एका लेकरावर काढता? शरम नाही वाटत?"

"मास्तर, माझे हात बघा," वहाबसाहेबांनी हात पुढे केले. ते थरथरत होते. "भरला माठ मला उचलत नाय."

"रिकामा तर उचलतो ना!" पुंजारामनं उंबऱ्यातल्या माठाला लाथ घातली. माठाचा काठ उडाला. शौकतनं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

वहाबसाहेबांच्या खांद्यावरून रामकिसनला खोली दिसत होती. जेवणाचं दस्तरख्वान अंथरलेलं होतं. त्यावर चार रकाब्या. एकीत उष्टं, तीन स्वच्छ. एकटा राहणारा माणूस चार रकाब्या कशाला मांडतो? म्हातारपणी सवयी लागतात, त्यानं स्वतःला सांगितलं.

"एकशे वीस संपल्या," वहाबसाहेब म्हणाले. "उद्याची ओळ बघा. ती कुणाच्या हिशेबातली हाय ते मला सांगा."

५

दुसऱ्या दिवशी अडीचला रामकिसन पेन्सिल घेऊन बाहेर आला. हंडा, शौकतचा कल्हईचा घडा, फुटक्या काठाचा माठ, त्याची घागर, पुंजारामचा पत्र्याचा डबा. च, शौ, व, रा, पुं. त्यानं वहीचं पहिलं पान उघडलं. माघातली पहिली ओळ तीच होती.

"झाली!" त्याला हसू फुटलं. "परत आली! माल संपला चोराचा!"

त्यानं अक्षरं चौकटीत भरली आणि शेवटच्या अक्षरापाशी पेन्सिल अडली. पहिल्या ओळीत पुंजारामचं अक्षर पाचव्या चौकटीत होतं. आज ते सहाव्या चौकटीत येत होतं. डबा फाटकाजवळच्या फरशीवर होता, आणि त्याच्या आतली, पाचवी फरशी मोकळी.

रामकिसननं पानं उलटली. एकशे वीस ओळी, प्रत्येकीच्या शेवटी एक कोरी चौकट. त्यानं स्वतःच्या हातानं आखलेली आणि एकदाही न मोजलेली. एकशे वीस दिवस ती कोरी चौकट फाटकाशी थांबली होती. पाच भांड्यांच्या सगळ्या ओळी लावून होईपर्यंत थांबली होती. आज ती ओळीत शिरली होती.

तो मोकळ्या फरशीजवळ वाकला. ऊन असं की थुंकलं तर भुईला लागायच्या आत वाळावं. फरशीवर ओलं वर्तुळ होतं, भांड्याच्या बुडाएवढं. त्याच्यादेखत ते वाळलं नाही.

खाली.

त्याचं सगळं शिक्षण उर्दूतून झालं होतं. मॅट्रिकच्या पेपरात छापलेलं असे, खाली जगहें पुर करो. सात वर्षांत त्यानं ती भाषा जिभेवरून खरवडून काढली होती, मराठी शाळेचा मास्तर शोभावा म्हणून. म्हाताऱ्यानं खाली म्हटलं आणि याला जमिनीखालचं ऐकू आलं. म्हातारा म्हणत होता, रिकामं. रिकामं पण मोजा.

पाच नव्हेत, सहा. सहाचं फॅक्टोरियल सातशे वीस. त्यानं उपरण्यानं मान पुसली आणि स्वतःला बजावलं, की पाणी कुठूनही झिरपतं आणि पुंजाराम दारू पिऊन डबा कुठंही ठेवतो.

त्या दिवशी घागर चौथी होती. संध्याकाळी आवडीचं अंग पुन्हा तापलं.

६

"ताप उलटला," डॉक्टर म्हणाले आणि औषधाची बाटली ठेवून निघाले. सारजा रात्रभर पोरीच्या उशाशी बसून होती. रामकिसन शाळेत गेला, वर्गावर उभा राहिला, फळ्यावर लिहिलं: रिकाम्या जागा भरा. आणि लिहिता लिहिता त्याला सुचलं.

ओळीत एक जागा मोकळी आहे. जागा आहे म्हणजे पाण्याचा वाटा आहे. तो कोणाचाच नाही. मग तो तापानं फणफणलेल्या लेकराचा का असू नये?

भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा पेल्याच्या तळाशी बसलेली माती त्याला जास्त दिसत होती.

आवडीची एक छोटी पितळी कळशी होती, बिडकीनच्या मामानं दिलेली. एकच्या सुमाराला ती घेऊन तो बाहेर आला. अहात्यात चिटपाखरू नव्हतं. ओळ बदललेली होती, पाचवी फरशी मोकळी, तिच्यावर तेच ओलं वर्तुळ. त्यानं कळशी वर्तुळावर ठेवली. अगदी मापाची बसली. एवढी मापाची की हात काढून घेताना त्याला वाटलं, खालून कोणीतरी ती धरून घेतली.

तो उंबऱ्यात येऊन बसला. पापणी लवू द्यायची नाही, त्यानं ठरवलं.

आधी आवाज आला. भांडं भरत येताना पाण्याचा सूर कसा वर चढत जातो, तसा. तोटी कोरडी ठणठणीत होती. सूर कळशीतून येत होता. रामकिसन उंबऱ्याला धरून बसला. नहरीचा नळ खालून गेला असेल, त्यात हवा कोंडली असेल, तो मनाशी म्हणत राहिला.

मग त्याला कळशीच्या काठावर चार बोटं दिसली. लहान, ओली. काठ आतून धरलेली. कळशी इतकी लहान की तिच्यात मांजराचं पिल्लूही मावलं नसतं.

घामाचा थेंब डोळ्यात गेला. त्यानं डोळा पुसला. बोटं नव्हती. कळशी पहिल्या फरशीवर, तोटीखाली होती.

तेव्हाच धावत जाऊन ती उचलून फेकायला हवी होती. पण अडीच वाजले, तोटीला धार लागली आणि कळशीत पाणी पडलं, आरशासारखं नितळ. चार महिन्यांत पहिल्या नंबरालाही असं पाणी त्यानं पाहिलं नव्हतं. लोक बाहेर आले. कोणी विचारलं नाही की ही सहावी कळशी कोणाची. त्यानं वहीत ओळ मांडली: आ, व, पुं, च, शौ, रा. सहा चौकटी, सहा अक्षरं. एकही कोरी नाही. मास्तराच्या जिवाला त्यातही बरं वाटलं.

७

"सारजा, पाणी ठेव उकळायला. काचेसारखं आहे बघ."

सारजा चहा गाळत होती. दोन कप. "एवढं कशाला? घागर हाय की."

"आवडीला."

"कुणाला?"

खाट भिंतीला उभी लावलेली होती. गोधडी घडी करून ट्रंकेवर. औषधाची बाटली कोनाड्यात होती. रामकिसननं ती उचलली. "हे काय आहे मग? हे कोणाचं?"

"माझ्या कमरेचं. तुमीच आनलं की." सारजानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ऊन लागलं का तुमाला?"

तो बाहेर धावला. "आवडी! आवडे!" दारं उघडली. जोहरा पदर तोंडाशी धरून बघत राहिली. चतुराबाई जवळ आली, आणि तिच्या जिभेत पहिल्यांदाच मऊपणा होता.

"मास्तर, देवानं वटी भरली नाय तर नाय. असं करू नये मानसानं. सारजाला किती लागंल, इचार करा."

त्या मऊपणानं तो हादरला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्याच्या हातातली कळशी केव्हा सुटली, कुठं गेली, त्याला कळलं नाही. ओळीत पाच भांडी होती. फाटकाजवळची फरशी मोकळी होती, आणि ओली.

वहाबसाहेबांचं दार उघडंच होतं. रामकिसन उंबऱ्यात कोसळला.

"तुम्ही म्हणाला होता... खाली मोजा..."

"मोजा म्हटलं मी," म्हातारा म्हणाला. "भरा नाय म्हटलं."

त्यांच्या आवाजात दया नव्हती. असायचं कारणही नव्हतं. त्यांनी फळीवरून एक जुनी वही काढली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, चौकटीच चौकटी. एका ओळीतल्या एकाच चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तीन हर्फ, तीन अक्षरं, बघा. माझ्या हातचे हायेत. एक जीम, एक नून, एक मीम. कोण व्हते, मला याद नाय. लोक म्हणतात, म्हातारा पहिल्यापासून एकटा. असंल. पर मी चार रकाब्या मांडतो. नाव जातं मास्तर, गिनती ऱ्हाते. ती सोडू नका."

"मला आठवतंय सगळं," रामकिसन म्हणाला. "मी विसरणार नाही. आठ वर्षांची आहे. मुदतीचा ताप..."

"नाव सांगा."

रामकिसननं तोंड उघडलं. आत्ता तर हाका मारत होता. साऱ्या अहात्यानं ऐकलं होतं. त्यानं घाईघाईनं आपली वही उघडली, शेवटची ओळ काढली. पहिल्या चौकटीत 'आ' होता, त्याच्याच हातचा, वळणदार. तो त्याच्याकडे बघत राहिला.

वहाबसाहेबांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी सारजानं दोन ताटं घेतली. रामकिसन उठला, फळीवरचं तिसरं ताट काढून दोघांच्या मधे ठेवलं.

"तीन गुणिले दोन गुणिले एक," तो पुटपुटला. "सहा."

"आपन दोघंच की हो," सारजा म्हणाली. "हे कुणाचं ताट?"

"आ..." तो म्हणाला. पुढचं अक्षर आलं नाही. सारजा भाकरी हातात धरून वाट बघत राहिली.